मेंदूतल्या रक्तवाहिनीचा दोष आणि वैमानिकाची मेडिकल: बोर्डापुढे जाण्याआधीची तयारी

डोक्याच्या एमआरआयत रक्तवाहिनीचा दोष निघाला की त्याच दिवशी उड्डाण थांबवायचे आणि कंपनीच्या डॉक्टरांना कळवायचे. पुढची मेडिकल चार महिन्यांवर आहे म्हणून तोवर उडत राहणे चालत नाही. आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, अनेक्स १ चा (परवान्यांविषयीच्या परिशिष्टाचा) तसा नियमच आहे. मग पुन्हा उडता येईल का हे ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डासाठी फाइल लावायला घ्या.

आधी दोषाचे नेमके नाव मिळवा. डीव्हीए, म्हणजे शिरांची जन्मजात वेगळी ठेवण, एकटीच असेल तर सहसा निरुपद्रवी असते. कॅव्हर्नोमा, म्हणजे पातळ भिंतींच्या बारीक रक्तवाहिन्यांचा गुच्छ, अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्यांच्या चित्रणात) सहसा दिसतच नाही. त्याला एसडब्ल्यूआय सीक्वेन्ससह एमआरआय हवा, कारण जुन्या रक्तस्रावातले लोह त्यात ठळक काळे उमटते. एव्हीएमचा, म्हणजे धमन्या आणि शिरा थेट जोडलेल्या गुंत्याचा, आणि अॅन्युरिझमचा, म्हणजे धमनीवरच्या फुग्याचा, पक्का नकाशा डीएसएतून, म्हणजे कॅथेटर घालून केलेल्या अँजिओग्राफीतून, मिळतो. फुग्याची जागा, मिलिमीटरमधला आकार आणि फुग्याच्या मानेची (धमनीला जोडलेल्या भागाची) रुंदी अहवालात लिहून घ्याच. ‘छोटा फुगा’ एवढ्यावर बोर्ड काही ठरवू शकत नाही. ७ मिमीच्या आतला, कधी न फुटलेला फुगाही मेंदूच्या मागच्या रक्ताभिसरणात असला तर पुढच्या रक्ताभिसरणातल्यापेक्षा जास्त धोक्याचा.

बोर्डाला मुख्यतः दोन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: हवेत अचानक रक्तस्राव होईल का, आणि फिट येईल का. दोन वैमानिकांच्या विमानासाठी वर्षाला १ टक्का हा अचानक अक्षम होण्याच्या धोक्याचा प्रचलित मापदंड आहे. न फुटलेल्या एव्हीएमचाही रक्तस्रावाचा धोका साधारणपणे याहून जास्त धरला जातो, म्हणून तिथे वाट अवघड आहे. न्यूरोसर्जनचे पत्र या दोन प्रश्नांना आकड्यांत उत्तर देणारे हवे. नुसते ‘फिट टू फ्लाय’ लिहिलेले पत्र उपयोगाचे नाही.

सर्वांत जास्त घोळ औषधांच्या यादीत होतो. शस्त्रक्रियेनंतर खबरदारी म्हणून लेव्हेटिरासेटाम हे फिट रोखणारे औषध दिलेले असते, पण डिस्चार्ज कार्डावर कारण लिहिलेले नसते. मग फिट आली होती की काय, अशी शंका निघते. गोळी प्रतिबंधात्मक होती, फिट कधीच आली नाही, कोणत्या तारखेला बंद केली, हे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून आणा.

फुग्यात कॉइल (बारीक तारेचे वेटोळे) भरली असेल तर पाठपुराव्याची अँजिओग्राफी झाल्याशिवाय अर्ज करू नका, कारण कॉइल दबून फुगा पुन्हा भरू शकतो. शस्त्रक्रियेने फुग्याच्या मानेवर क्लिप (चिमटा) बसवली असेल तर एमआरआयत तिच्याभोवती काळी सावली पडते. तिथे सीटी अँजिओ किंवा डीएसए लागते. इम्प्लांट कार्डाची प्रत सोबत ठेवा. फुगा फुटून गेला असेल तर स्मरणशक्ती-एकाग्रतेची न्यूरोसायकॉलॉजी चाचणी आणि डोळ्यांची पेरिमेट्री (दृष्टिक्षेत्राची तपासणी) आधीच करून घ्या. २४ तासांच्या रक्तदाबाची नोंदही जोडा, आणि धूम्रपान आजच सोडा. फुगा वाढण्याशी आणि फुटण्याशी त्याचा थेट संबंध आहे.

फक्त छापील अहवाल नेऊ नका. सगळ्या स्कॅनच्या मूळ डायकॉम फाइल्स (स्कॅनच्या डिजिटल चित्रफाइली) सीडीवर आणि पेनड्राइव्हवर, तारखेच्या क्रमाने न्या.