बीडीडी चाळीतली खोली आणि तिथली मुलं: फोटो कसे काढावेत

मुंबईत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळी १९२०च्या दशकातल्या. तळमजला अधिक तीन मजले, मधून कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना साधारण १६० चौरस फुटांच्या खोल्या. पुनर्विकासात यातल्या बऱ्याच चाळी पाडल्या जात आहेत, तेव्हा फोटो काढायचे तर आत्ताच.

पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतच राहू द्या. आधी चाळीच्या कमिटीला भेटा, मग घरच्यांना. मुलांच्या फोटोसाठी आई-वडिलांची लेखी परवानगी हवी. मुलालाही विचारा, आणि ते नको म्हणालं तर आईचा होकार असला तरी फोटो काढू नका.

खोलीसाठी फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २८ मिमी लेन्स पुरते. २४ मिमीपेक्षा रुंद लेन्स लावली की कडेला बसलेल्या माणसाचं डोकं ताणल्यासारखं दिसतं. दाराजवळच्या कोपऱ्यात पाठ टेकवून उभे राहा, पायाशी खडूने खूण करा आणि तिथूनच दिवसात चार फोटो घ्या: सकाळी पाणी भरताना, दुपारी जेवणाच्या वेळी, संध्याकाळी अभ्यासाला, रात्री अंथरुणं पडल्यावर. लेन्स आणि कॅमेऱ्याची उंची तीच ठेवा. खिळ्याला अडकवलेलं दप्तर, मोरीच्या कट्ट्यावरची कळशी, पोटमाळ्याची शिडी यातलं काहीही हलवू नका. एवढ्याशा जागेत घर कसं मावतं, हे त्या वस्तूच सांगतात.

खिडकीकडे पाठ करून बसलेलं मूल हमखास काळं पडतं, कारण कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर खिडकीचा उजेड धरतो. स्पॉट मीटरिंग (एकाच ठिकाणचा उजेड मोजणं) चेहऱ्यावर घ्या किंवा एक्स्पोजर +१ करा, म्हणजे फोटो उजळ येईल. खिडकी पांढरी फटक झाली तरी चालेल.

कॉरिडॉरमध्ये दिवसाही अंधार असतो. लेन्सचं छिद्र एफ/२ एवढं मोठं उघडा, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० ते ६४०० ठेवा. धावणाऱ्या मुलांना शटर १/२५० सेकंद लागतं, पण ट्यूब किंवा एलईडीखाली त्याच वेगाला फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. पट्टे आले तर १/१०० वर या. सायलेंट (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक) शटर बंद करा, त्याने पट्टे वाढतात. १/१०० ला धावणारी मुलं पुसट येतात, म्हणून ती कॉरिडॉरच्या टोकाच्या उजेडात येतील तेव्हाच १/२५० ला टिपा. फ्लॅश नकोच, खेळ थांबतो आणि सगळी कॅमेऱ्याकडे बघायला लागतात.

कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला, जमिनीपासून साधारण तीन फुटांवर आणा. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत मूल केविलवाणं दिसतं. उखडलेलं प्लास्टर आणि वाळत घातलेले कपडे कुणालाही मिळतात. त्याच कॉरिडॉरमध्ये स्टंप म्हणून बादली मांडून मुलं नियम ठरवत असतात, ते भांडण जास्त मोलाचं.

कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद ठेवा. फोटो बाहेर देताना खोली क्रमांक, शाळेचा बिल्ला आणि मुलाचं नाव वगळा. तारीख, चाळ आणि मजला मात्र त्याच रात्री लिहून ठेवा. पुढच्या खेपेला ४ बाय ६ इंचाचे प्रिंट घरोघरी द्या आणि घरच्यांचा फोन नंबर मागा, म्हणजे नव्या इमारतीत गेल्यावर त्याच मुलांचे फोटो काढता येतील.