स्वस्त सुट्या भागांतून बंद चेनसॉ पुन्हा उभा करताना

नाशिक जिल्ह्यात जुनी द्राक्षबाग मोडायची असो किंवा बांधावरची सुबाभूळ उतरवायची असो, चेनसॉ लागतोच. त्यामुळे निफाड आणि दिंडोरीकडच्या शेतघरांच्या पडवीत बंद पडलेला एखादा चेनसॉ हमखास सापडतो. मालकाने नवा घेतलेला असतो आणि जुना तो भंगाराच्या भावात द्यायला तयार असतो. ज्याला इंजिन हाताने समजून घ्यायचे आहे त्याला यासारखी दुसरी पाटी नाही, कारण एकच सिलिंडर, झडपा नाहीत आणि सगळे इंजिन जेवणाच्या ताटात मावेल एवढे. ब्लॉक-पिस्टनपासून (म्हणजे सिलिंडर आणि त्यातला पिस्टन) स्टार्टरच्या दोरीपर्यंत सगळे भाग आता मूळ कंपनीशिवाय इतरांकडूनही अगदी कमी किमतीत मिळतात. मात्र या स्वस्त भागांतून टिकाऊ यंत्र तयार करायचे असेल, तर भाग मागवण्याआधी जुने इंजिन कशाने गेले हे शोधलेच पाहिजे.

मी स्वतः हे पहिल्यांदा केले नाही. सिलिंडर ओरखडलेला दिसला म्हणून नवा ब्लॉक-पिस्टन आणून बसवला, यंत्र पहिल्या झटक्यात सुरू झाले आणि दुसऱ्या टाकीला पिस्टन पुन्हा सिलिंडरमध्ये अडकला. खरा दोष क्लचकडच्या कडक झालेल्या ऑइल सीलचा, म्हणजे दांड्याभोवती हवा अडवणाऱ्या रबरी कड्याचा होता. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल, ऑइल आणि हवा यांचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पेटीत येते आणि तिथून वर सिलिंडरमध्ये जाते. क्रँककेसला कुठूनही बाहेरची हवा मिळाली, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते, त्याबरोबर वंगणही कमी पडते, उष्णता वाढते आणि पिस्टन फुगून सिलिंडरला घासतो. अशा इंजिनात नवा पिस्टन टाकला तरी त्याच रोगाने तोही जातो.

म्हणून सुरुवात सायलेन्सर काढून करावी. सायलेन्सरमागच्या खिडकीतून पिस्टनची बाजू स्पष्ट दिसते, आणि त्यासाठी इंजिन उघडावे लागत नाही. फक्त याच बाजूला उभे ओरखडे असतील, तर हवेची गळती किंवा पेट्रोल कमी पडणे यांचा संशय घ्यावा. चारही बाजूंनी घासले असेल, तर बहुधा कोणीतरी ऑइल न मिसळता पेट्रोल भरलेले असते. कार्बोरेटरकडची बाजू खरवडलेली आणि धुरकट दिसत असेल, तर फाटक्या एअर फिल्टरमधून धूळ आत गेली आहे. कॉम्प्रेशनही मोजून ठेवावे. चांगल्या इंजिनात ते साधारण १२० ते १५० पीएसआय किंवा त्याहून अधिक मिळते आणि १०० च्या खाली गेले की यंत्र सुरू करणे अवघड होते. मोटारसायकलसाठीचा गेज वापरताना त्याची झडप प्लगकडच्या टोकाला आहे ना, हे पाहावे, कारण एवढ्या लहान इंजिनात लांब नळीतली मोकळी जागासुद्धा आकडा खाली आणते.

गळती शोधण्याची माझी रीत घरगुती आहे. जुन्या प्लगमधली चिनी माती काढून त्यात नळी बसवून घ्यावी. अंबड किंवा सातपूर एमआयडीसीतला कोणताही लेथवाला हे काम करून देतो. इनटेक (मिश्रण आत येण्याची वाट) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर जाण्याची वाट) सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावून बंद करावेत, पिस्टन अगदी खाली आणावा म्हणजे वरची आणि खालची पोकळी जोडली जाते, आणि रक्तदाब मोजायच्या यंत्राचा रबरी फुगा व काटा त्या नळीला जोडावा. २५० मिमी पाऱ्याइतका दाब भरून काटा मिनिटभर स्थिर राहतो का पाहावे. तो उतरत असेल, तर दोन्ही ऑइल सील, इनटेकचे रबर आणि ब्लॉकचा जोड यांवर साबणाचे पाणी सोडावे. फुगा येतो तिथे दोष. काही सील दाबाला धरतात पण निर्वाताला सोडतात, म्हणून हाताने चालणारा व्हॅक्यूम पंप मिळाला तर उलटी चाचणीही करावी. तपासणी इथे जेवढी सावकाश होईल तेवढे पुढचे काम सोपे होते.

आता कोणते भाग स्वस्तातले चालतात हे ठरवता येते. हँडल, कव्हर, स्टार्टर, सायलेन्सर हे भाग बिनधास्त घ्यावेत. ते बिघडले तरी इंजिन मरत नाही. ऑइल सील, पेट्रोलची नळी आणि गजन पिनचे (पिस्टनला दांड्याशी जोडणारी पिन) सर्कलिप, म्हणजे ती पिन जागेवर धरणाऱ्या तारेच्या कड्या, मात्र मूळ कंपनीचे किंवा खात्रीच्या दर्जाचे घ्यावेत. ब्लॉक-पिस्टनच्या किटबरोबर आलेला सर्कलिप सुटला, तर त्याचा तुकडा काही क्षणांत पिस्टन आणि सिलिंडर दोन्ही फाडतो. बेअरिंगच्या बाबतीत तर किटवर अवलंबून राहायचे कारणच नाही. जुन्या बेअरिंगवर ६२०२ असे लिहिले असेल, तर आतला व्यास १५, बाहेरचा ३५ आणि जाडी ११ मिमी, हे माप जगभर सारखेच असते आणि नावाजलेल्या कंपनीचे बेअरिंग शहरातल्या बेअरिंगच्या दुकानात मिळते. क्रमांकापुढे सी३ (म्हणजे आत थोडी जास्त मोकळीक) असेल, तर तेही जुळवावे.

सिलिंडरविषयी माझे मत ठाम आहे. मूळ सिलिंडर वाचत असेल तर तो वाचवावा आणि पिस्टन तेवढा स्वस्त घ्यावा. बऱ्याच वेळा सिलिंडरवर दिसणारे ओरखडे हे त्याचे नसतात. पिस्टनचे ॲल्युमिनियम सिलिंडरच्या कठीण मुलाम्यावर चिकटलेले असते. कापसाच्या बोळ्याने सौम्य केलेले हायड्रोक्लोरिक ॲसिड फक्त त्या डागांवर लावले की ॲल्युमिनियम फसफसून विरघळते. हे काम उघड्या जागेत, चष्मा आणि रबरी हातमोजे घालून, थोडेथोडे करावे, आणि दर वेळी भरपूर पाण्याने धुवावे. पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरमधल्या खिडक्यांच्या, कडांना ॲसिड लागू देऊ नये, कारण तिथे उघडे ॲल्युमिनियम असते. धुतल्यावरही नख अडकेल अशी खाच किंवा मुलामा उडालेली जागा राहिली, तर मात्र नवा सिलिंडर घेणे भाग आहे.

नवा सिलिंडर घेताना व्यास जुळवून घ्यावा. स्टिल कंपनीच्या एमएस १७० या चेनसॉच्या सिलिंडरचा व्यास ३७ मिमी आणि एमएस १८० चा ३८ मिमी आहे, स्ट्रोक दोन्हींचा २८ मिमीच, म्हणून क्षमता ३०.१ आणि ३१.८ सीसी भरते. बाहेरून दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात, त्यामुळे ३८ च्या सिलिंडरला ३७ चा पिस्टन येण्याची चूक सहज होते. स्वस्त सिलिंडरच्या पोर्टच्या कडा बोटाने चाचपाव्यात. त्या धारदार असतील तर पिस्टनची रिंग अडकून तुटते, म्हणून बारीक पॉलिश कागदाने त्या हलक्या हाताने मोडाव्यात. ओतकामाचे उरलेले कण पोर्टमधून काढावेत. रिंग एकटीच सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडातली फट फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी. ३८ मिमीच्या सिलिंडरला ती ०.१५ मिमीपेक्षा कमी नसावी. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे असावा आणि रिंगचे तोंड पिस्टनमधल्या खिळीवर बरोबर बसावे.

जोडणी पक्की करण्याआधी पिस्टन आणि सिलिंडरच्या डोक्यातले अंतर मोजावे. प्लगच्या भोकातून सोल्डरची तार गजन पिनच्या दिशेने कडेपर्यंत घालून इंजिन हाताने एकदा फिरवले की तार चेपते, आणि चेपलेल्या टोकाची जाडी व्हर्नियरवर मोजता येते. ०.५ मिमीच्या खाली असेल तर ते इंजिन चालवू नये. क्लच काढताना त्याचे आटे उलटे असतात हे विसरू नये. पिस्टन अडवायला लोखंड न घालता प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडावी, मात्र त्यापूर्वी पिस्टनने एक्झॉस्टची खिडकी झाकलेली असावी. कॉइल आणि फ्लायव्हील यांच्यात ०.३ मिमी, म्हणजे साधारण एका जाड व्हिजिटिंग कार्डाएवढे, अंतर ठेवावे.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते पाणी ओढते, म्हणून मिश्रण लागेल तेवढेच करावे आणि काम संपल्यावर टाकी रिकामी करावी. ५०:१ साठी एका लिटरला २० मिली, २५:१ साठी ४० मिली टू-स्ट्रोक ऑइल लागते; कोणते प्रमाण घ्यायचे ते यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे ठरवावे.

कार्बोरेटरचा मिश्रणाचा स्क्रू लावताना नाशिकची जागा लक्षात घ्यावी लागते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. इथे बरोबर लावलेला चेनसॉ कसारा घाट उतरून वसईकडे नेला, तर तिथली हवा दाट असल्याने मिश्रणात पेट्रोल कमी पडते. तसेच मे महिन्यातल्या उन्हात लावलेला स्क्रू डिसेंबरमध्ये निफाडच्या कडाक्याच्या थंडीत चालत नाही, कारण थंड हवाही दाट असते. म्हणून पूर्ण वेगात, लाकूड नसताना, आवाज किंचित फडफडता ठेवावा आणि बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) लाकडात शिरल्यावर तो स्वच्छ झाला पाहिजे. मोकळ्यावर किंचाळणारा आवाज कितीही जोमदार वाटला, तरी त्या इंजिनात पेट्रोल कमी जात आहे.

चेन घेताना पिच (दुव्यांमधले अंतर), जाडी आणि दुव्यांची संख्या ही तिन्ही मापे बारवर कोरलेल्या अक्षरांशी जुळवावीत. पहिल्या चाचणीआधी चेन-ब्रेक लावून पाहावा. यंत्र चालू असताना ब्रेकचा दांडा पुढे ढकलल्याबरोबर चेन त्याच क्षणी थांबत नसेल, तर ब्रेकचा पट्टा बदलल्याशिवाय ते यंत्र हातात घेऊ नये. उभ्या झाडावर चाचणी करू नये; नाशिक शहरात झाड तोडायला १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे महापालिकेची परवानगी लागते. वखारीतून एखादा ओंडका आणून तो लाकडी घोडीवर पक्का बांधावा. पहिल्या दोन टाक्या यंत्राला सतत पूर्ण वेगात ठेवू नये, मध्ये मध्ये विश्रांती द्यावी. त्यानंतर यंत्र गार झाल्यावर सायलेन्सर पुन्हा काढून पिस्टन पाहावा. रिंगची रेघ सर्वत्र सारखी उजळलेली आणि पिस्टनची बाजू गुळगुळीत दिसली, तर सायलेन्सर बसवून यंत्र मालकाकडे पाठवावे. एकही नवा उभा ओरखडा दिसला, तर रक्तदाबाचा फुगा पुन्हा जोडावा.