विहिरीच्या दगडात सोनेरी चमक? चॅल्कोपायराइट (तांब्याचं खनिज) असं तपासा

मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. त्यात तांब्याची खाण लागेल ही आशा धरू नका. देगलूर-किनवटकडं ग्रॅनाइट आहे, पण तिथल्या मुरमात चमकतं ते बहुतेक वेळा झिजलेलं अभ्रक. म्हणून आधी टाचणी घ्या. टोचल्यावर पातळ पापुद्रा सुटला आणि वाकवून सोडल्यावर परत सरळ झाला, की अभ्रक. विषय संपला.

पापुद्रा नाही सुटला तर दगड ताजा फोडा, डोळ्यांवर चष्मा लावूनच. जुन्या पृष्ठभागावरचा रंग फसवतो: चॅल्कोपायराइट हवेनं जांभळा-निळा पडतो. बाजारात ‘मोरपंखी’ म्हणून विकतात तो दगड पुष्कळदा ॲसिडनं रंग आणलेला चॅल्कोपायराइटच असतो.

ताज्या भागावर चाकूचं टोक जोरात ओढा. ओरखडा उठून काळसर भुगा पडला तर चॅल्कोपायराइट (मोहच्या 1 ते 10 मापावर काठिण्य 3.5 ते 4). चाकूच घसरला तर पायराइट, म्हणजे सोन्यासारखंच दिसणारं लोह-गंधकाचं खनिज (6 ते 6.5). भुगा न होता नुसता खड्डा पडला, तर मात्र सोनाराकडं जा. चहाच्या कपाच्या बुडाची बिनचकाकीची कड असते, तिच्यावर घासलं की चॅल्कोपायराइटची रेघ हिरवट काळी येते, सोन्याची पिवळी. पायराइटची रेघही काळपटच, तेव्हा या दोघांत निवाडा चाकूचाच.

तरी शंका असेल तर वजन करा. समजा खडा 84 ग्रॅम भरला. आता काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्यावर आणा आणि खडा दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवा. काटा 20 दाखवतो. 84 भागिले 20, म्हणजे खडा पाण्याच्या 4.2 पट जड. चॅल्कोपायराइट 4.1 ते 4.3 मध्ये बसतो, पायराइट 5 च्या आसपास. खडा बुडाला टेकला की आकडा फुगतो आणि उत्तर कमी येतं. गारगोटी चिकटलेली असली तरी तेच होतं, ती आधी ठोकून काढा.

शुद्ध चॅल्कोपायराइटमध्ये तांबं 34.6 टक्के, बाकी लोह आणि गंधक. पण मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातल्या मलाजखंडसारख्या खाणीतल्या दगडात तांबं जेमतेम एक टक्का. तो दळून, फेसावर तरंगवून, मग भट्टीत घालतात, तेव्हा कुठं मोटारीच्या वायंडिंगची तार आणि मोसंबीवर मारायचं मोरचूद होतं. घरी चुलीत टाकून तांबं काढायला जाऊ नका. गंधकाचा धूर छातीत भरतो आणि हाती राख-खडाच लागतो.