ट्यूमरचे एक्सोसोम टी-सेलवर टाकताय? आधी या चुका टाळा

कोल्हापुरात एमएस्सी, पीएचडी करता करता जी पोरं या विषयात उतरतायत त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण प्रयोग तोच पण चुकापण त्याच त्याच होतात. कॅन्सरच्या पेशी 30 ते 150 नॅनोमीटरच्या पिशव्या, म्हणजे एक्सोसोम, बाहेर सोडतात आणि त्या टी-सेलसारख्या इम्यून सेलना थंड करतात, हे खरंय. पण तुमच्या प्लेटमध्ये टी-सेल थंड पडल्या त्या एक्सोसोममुळंच, हे आधी दाखवायला लागतं बघा.

सगळ्यात मोठा घोळ एफबीएसचा, म्हणजे पेशी वाढवायला मीडियममध्ये घालतात त्या फीटल बोव्हाइन सिरमचा. वासराच्या त्या सिरममध्ये स्वतःचेच ढीगभर एक्सोसोम असतात आणि तुमच्या ट्यूमर सेलच्या मीडियममधनं ते पण पेलेटमध्ये, म्हणजे फिरवल्यावर तळाला बसतं त्यात, येऊन बसतात. सिरम आधी सेंट्रिफ्यूजमध्ये 1 लाख जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या 1 लाख पट) 18 तास फिरवून घ्या, तरी थोडे उरतातच, म्हणून पेशी न घातलेलं मीडियम पण पेशींच्या प्लेटइतकेच तास इनक्युबेटरमध्ये ठेवा, शेवटपर्यंत त्याच प्रोसेसमधनं न्या आणि त्यातनं जे काय मिळेल ते टी-सेलवर टाकून बघा. हा कंट्रोल नसेल तर पुढच्या ग्राफला अर्थ नाही. काहीजण यावर उपाय म्हणून सिरमच बंद करतात, मग पेशी मरायला लागतात आणि मेलेल्या पेशींचा कचराच एक्सोसोम म्हणून मोजला जातो.

दुसरी गोष्ट, टी-सेल झोपलेल्या असताना एक्सोसोम टाकायचे आणि "काहीच फरक नाही" म्हणून हताश व्हायचं. मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) एक्सोसोमवर पीडी-एल1 नावाचं प्रोटीन असतं आणि ते सीडी8 टी-सेलना (ट्यूमर मारणाऱ्या टी-सेलना) दाबतं, हे 2018 मध्ये नेचर जर्नलमध्ये आलं. पण ते पीडी-एल1 ज्याला पकडतं ते पीडी-1 टी-सेलवर नीट येतं ती ॲक्टिव्हेट झाल्यावर. आधी टी-सेल जाग्या करणाऱ्या अँटी-सीडी3, अँटी-सीडी28 या अँटीबॉडी द्या, मग बघा. आणि परिणाम दिसला की पीडी-एल1 अडवणारी अँटीबॉडी लावून तो परिणाम नाहीसा होतो का ते तपासा, नाही गेला तर कारण दुसरं असू शकतं, टी-सेल मारणारं फास लिगँड असेल, इम्यून सेल दाबणारं टीजीएफ-बीटा असेल. पीडी-एल1 वाढवायला इंटरफेरॉन गॅमा वापरत असाल तर आणखी जपा, ते पेलेटबरोबर उरलं तर टी-सेलवर थेट काम करतं. साइझ एक्सक्लुजन कॉलममधनं (आकारानुसार वेगळं करणाऱ्या) पास केलं की बरंचसं निघतं.

पेशंटचं रक्त घेत असाल तर ते आणताना फार जपायला लागतं. दसरा चौकातनं विद्यापीठापर्यंत टू-व्हीलरच्या डिकीत ट्यूब हिंदकळत आली की प्लेटलेट भडकतात, स्वतःच्या पिशव्या सोडतात, आणि प्लेटलेटमध्ये टीजीएफ-बीटा भरपूर असतं. मग त्या टीजीएफ-बीटानं एनके सेलवरचं (ट्यूमर मारणारी आणखी एक इम्यून सेल) एनकेजी2डी हे ट्यूमर ओळखणारं रिसेप्टर कमी झालं की आपण नाव ट्यूमरचं घेतो! हेपॅरिनची ट्यूब नको, सायट्रेट किंवा ईडीटीए घ्या, ट्यूब उभी ठेवा, बर्फात घालू नका कारण गारव्यानं पण प्लेटलेट भडकतात, आणि 2,500 जी वर 15 मिनिटं असं दोनदा फिरवून मगच प्लाझ्मा फ्रीज करा.

मशीनवर आलेला आकडा म्हणजे एक्सोसोमचा आकडा नव्हे. एनटीए या कण मोजणाऱ्या मशीनला प्लाझ्मातले लिपोप्रोटीन (चरबी वाहणारे कण) पण कणच दिसतात. एक्सोसोमवरची सीडी9, सीडी63, सीडी81 ही प्रोटीन बघा, त्याबरोबर कॅल्नेक्सिन (पेशीच्या आतलं प्रोटीन) आणि अपोबी (लिपोप्रोटीनवरचं) पण लावा, हे शेवटचे दोन जवळपास दिसायलाच नकोत.

मॅक्रोफेजवर (जंतू गिळणाऱ्या इम्यून सेलवर) काम असेल तर एंडोटॉक्सिन (बॅक्टेरियाचं एलपीएस) आणि मायकोप्लाझ्मा (पेशींच्या कल्चरमध्ये शिरणारा बॅक्टेरिया) यांची टेस्ट चुकवू नका, एवढ्याशा एलपीएसनं पण टीएनएफ हे सूज आणणारं प्रोटीन उसळतं.

आणि एक्सोसोम कायम इम्यूनिटी दाबणारच असं धरूनही चालू नका. 2001 मध्येच दिसलं होतं की ट्यूमरचे एक्सोसोम डेंड्रिटिक सेलना (टी-सेलना शत्रू दाखवणाऱ्या पेशींना) ट्यूमरचे अँटिजेन, म्हणजे ओळखीचे तुकडे, पुरवतात आणि त्यातनं ट्यूमरविरुद्ध टी-सेल जाग्या होतात. तुमच्या रिझल्टमध्ये टी-सेल वाढल्या तर तो डेटा फेकू नका, कुठल्या पेशीचे एक्सोसोम, किती डोस, सोबत डेंड्रिटिक सेल होत्या का, हे लिहून ठेवा आणि त्याच बॅचच्या उणे 80 डिग्रीच्या फ्रीझरमधल्या न वितळवलेल्या अलिकॉटवर (वेगळ्या ठेवलेल्या छोट्या भागावर) परत करून बघा.