कडुनिंबाखालच्या कुंड्या

आमच्या अंगणात मोठा कडुनिंब आहे. त्याच्याखाली मी तीन वर्षं गुलाब लावून पाहिला. काड्या उंच व्हायच्या, पण फूल एक नाही. शेवटी हट्ट सोडला. आता ओट्यावर मनीप्लांट, सिंगोनियम, स्पायडर प्लांट, स्नेक प्लांट, डिफेनबाकिया आणि कॅलेडियम आहेत. गाव वर्धा जिल्ह्यातलं. मे महिन्यात पारा 45 च्या वर. इथे सावलीतलं झाड उन्हानं मरत नाही, ते गरम वाऱ्यानं मरतं नाहीतर आपल्या लोट्यानं.

आधी सावली पारखा. दुपारी बारा वाजता कुंडीच्या जागेवर हात धरा. हाताची पुसट सावली पडली तर वरची सगळी झाडं तिथे वाढतात. काहीच पडली नाही, तर फक्त स्नेक प्लांट ठेवा, तेही टिकेल, वाढेल असं नाही. क्रोटनचा मोह आवरा. त्याला सकाळचं ऊन नाही मिळालं की रंग जातो आणि नुसतं हिरवं झुडूप उरतं.

आता माती. आपली काळी माती कपाशीला सोनं, पण कुंडीत नको. ओली झाली की फुगते, मुळांना हवा मिळत नाही. वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते, मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि मधला गोळा कोरडाच. मी दोन घमेली मुरमाड लाल माती, एक घमेलं जाड रेती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी ढेप घेते. कच्चं शेण घालू नका, हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, लागते. भंडारा-गोंदियाकडच्यांना धानाचं तूस सहज मिळतं. रेती थोडी कमी करून ते घालता येतं.

पाण्याआधी बोट दोन पेरं मातीत घाला. ओलं लागलं तर लोटा खाली ठेवा. पावसाळ्यात मी आठ-आठ दिवस पाणी देत नाही. उन्हाळ्यात कुंड्या कुलर असलेल्या खोलीत, खिडकीजवळ नेते, तिथली ओलसर हवा त्यांना मानवते. पण कुलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी मात्र घालू नका! बोअरच्या पाण्यातला क्षार त्यात साचत जातो. मी काटकसर म्हणून घातलं आणि पंधरा दिवसांत स्पायडरची टोकं तपकिरी झाली. ज्या कुंड्या बाहेरच राहतात, त्यांच्या पश्चिमेला तुराट्यांचा कूड करून त्यावर बारदान टाका आणि दुपारी ते एकदा भिजवा.

कॅलेडियमची गंमत वेगळी. पहिल्या वर्षी दिवाळीनंतर त्याची पानं पिवळी पडून गळाली. मी कुंडी उकिरड्यावर उलटवायला निघाले, तर सासूबाई म्हणाल्या, "कायले फेकतं वं? निजले हायेत थे." मी ऐकलं नाही. पुढच्या आषाढात उकिरड्यावर, शेणाच्या ढिगातून, गुलाबी शिरांची तळहाताएवढी पानं वर आली. सासूबाई बोलल्या काहीच नाहीत, फक्त मला बोलावून दाखवलं. तेव्हापासून पानं गळाली की पाणी बंद करते, कंद काढून सावलीत वाळवते आणि कोरड्या रेतीत ठेवते. जूनच्या सुरुवातीला, कंदाचे डोळे वर करून, दोन बोटं खोल लावते.

डिफेनबाकिया दारात ठेवू नका. भाच्यानं एकदा देठ चावला, ओठ-जीभ सुजली, दवाखान्यात न्यावं लागलं. अळू घशाला खाजतं ते ज्यामुळे, तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक यातही असतात. मनीप्लांट, सिंगोनियम, कॅलेडियम सगळी अळूच्याच कुळातली, म्हणून छाटल्यावर हात धुवा आणि कुंड्या लेकरांच्या, शेळ्यांच्या तोंडापासून लांब ठेवा.

पानाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं की तो पिठ्या ढेकूण, कपाशीवाल्यांना ओळख करून द्यायला नको. थोडा असेल तर ओल्या फडक्यानं पुसा. जास्त असेल तर वाळलेल्या निंबोळ्यांची 50 ग्रॅम भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, चिमूटभर साबणचुरा घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. आठवड्यानं पुन्हा एकदा. निंबोळ्या विकत आणाव्या लागत नाहीत, जून-जुलैत ओटाभर पडतात. तेव्हाच वेचून, धुऊन, सावलीत वाळवून डब्यात भरून ठेवा.