कुत्र्याला घरी एकटं राहायला कसं शिकवावं

दाराच्या चौकटीवर नखांचे ओरखडे, उंबऱ्याशी लाळ, आणि शेजारी सांगतात, "तुम्ही गेल्यापासून रडत होता." हा राग किंवा खोडी नाही. तुम्ही दिसेनासे झालात की त्याला खरोखर धडकी भरते. म्हणून परतल्यावर ओरडू नका. मघाशी काय केलं आणि आता बोलणी का बसताहेत, याचा मेळ त्याला लागत नाही.

आधी खात्री करून घ्या. मोबाइल रेकॉर्डिंगला लावून बाहेर पडा. कंटाळलेला कुत्रा बहुधा एखादी डुलकी काढतो, मग कुरतडायला काहीतरी शोधतो. घाबरलेला सहसा पहिल्या 30 मिनिटांतच बिथरतो: येरझाऱ्या, धापा, दाराकडे लागलेली नजर. आवडता खाऊ पुढ्यात असूनही तोंड लावत नाही. घरात लघवी होत असेल तर मूत्रमार्गाचा संसर्ग नाही ना, हे पशुवैद्याकडून तपासून घ्या.

मग किल्ल्या. त्यांचा आवाज झाला की त्याचे कान टवकारतात ना? दिवसातून चार-पाच वेळा किल्ल्या उचला आणि सोफ्यावर जाऊन बसा. चपला घाला आणि स्वयंपाकघरात जा. त्या आवाजाकडे तो ढुंकूनही बघेनासा झाला की दाराकडे वळा.

बाहेर पडा, दार लावा, 5 सेकंदांत आत या. तो निवांत असेल तर पुढे 10, मग 7, मग 20. मध्ये सोपी फेरी हवीच. तो घाबरायच्या आत परतायचं, सगळी मेख इथेच आहे. ओठ चाटणं, सारख्या जांभया, ताठ झालेलं अंग दिसलं तर पुढची फेरी निम्मी करा. "रडून रडून गप्प होईल" हा सल्ला मला मुळीच पटत नाही. त्याने भीती आणखी मुरते.

सगळ्यात अवघड भाग हा, की हे शिकवणं चालू असताना त्याला झेपेल त्याहून जास्त वेळ एकटं ठेवायचं नाही. घरच्यांच्या पाळ्या लावा, ओळखीच्या माणसाला बसवा. पिंजऱ्यात कोंडू नका. घाबरलेली कुत्री गजांवर दात मोडून घेतात.

काही आठवड्यांत फरक दिसला नाही, किंवा तो स्वतःला इजा करत असेल, तर पशुवैद्याशी औषधांबद्दल बोला. फ्लुओक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिनचा गुण यायला काही आठवडे जातात आणि सराव सोबत लागतोच. ही औषधं आपल्या मनाने सुरू करू नका, एकदम बंदही करू नका.