इंग्लिश वाक्प्रचार मराठीत कसे आणायचे

‘सॉरी फॉर युअर लॉस’चं ‘तुमच्या नुकसानाबद्दल मी दिलगीर आहे’ असं मराठी सबटायटल्समध्ये बऱ्याचदा दिसतं, आणि दर वेळी वाईट वाटतं. पडद्यावर एका बाईचा नवरा गेलाय, समोरचा माणूस खालच्या आवाजात तिला दोन शब्द बोलतोय, आणि खाली अक्षरं काय येतात तर नुकसान, जे आपण दुकानात पाणी शिरून माल भिजला की म्हणतो. एकही शब्द डिक्शनरीप्रमाणे चुकलेला नाही तरी पूर्ण प्रसंग गेला. आपल्याकडे अशा वेळी माणूस काय बोलतो आठवून बघा. ‘कसं झालं हो हे?’, ‘सावरा आता, मुलांकडे बघा’, ‘काही लागलं तर सांगा, आम्ही आहोत’, आणि बरेच जण तर काहीच बोलत नाहीत, नुसते येऊन शेजारी बसतात. यातलं कुठलंही वाक्य त्या इंग्लिश वाक्याशी शब्दाने जुळत नाही पण जागेवर बरोबर बसतं.

मी हे काम करते, म्हणजे सबटायटल, जाहिरातींचा मजकूर, कधी अ‍ॅपमधल्या सूचना, आणि मुंबईत हे काम करणारे नवीन मुलंमुली मला नेहमी एकच विचारतात की अमुक इडियमला मराठीत काय म्हणतात. प्रश्न असा विचारला की उत्तर म्हणून एक म्हण शोधली जाते आणि ती कुठेही चिकटवली जाते. त्यापेक्षा असं विचारा की हे वाक्य इथे कोण कोणाला आणि कशासाठी म्हणतंय. खरंच लिहून काढा, कागदावर, साध्या मराठीत. ‘ब्रेक अ लेग’ घ्या. नाटकाच्या प्रयोगाआधी नटाला म्हणतात, शुभेच्छा उघड दिल्या तर उलटं होईल अशी तिकडची समजूत, म्हणून मुद्दाम वाईट बोलायचं. म्हणजे काम काय तर स्टेजवर जाणाऱ्याला धीर देणं. आता शिवाजी मंदिरला विंगेत उभं राहून, तिसरी घंटा व्हायच्या आधी, आपली माणसं काय म्हणतील? ‘मस्त होऊ दे प्रयोग’, ‘छान कर, टेन्शन घेऊ नको’. बस. पाय मोडायचं काही कारण नाही, आणि तशी समजूत आपल्याकडे नाही म्हटल्यावर पाय मोडला तर प्रेक्षक गोंधळणारच.

कधीकधी आपल्याकडचं चित्र एकदम उलट निघतं. एखाद्याचं नाव काढलं आणि तो तेवढ्यात दारात उभा राहिला तर इंग्लिशमध्ये ‘स्पीक ऑफ द डेव्हिल’, सैतानाची आठवण काढली की सैतान हजर. आपण त्याच क्षणी म्हणतो ‘शंभर वर्षं आयुष्य आहे बघ तुला!’ ते चेष्टेने सैतान म्हणतात, आपण आशीर्वाद देतो, आणि तरी हे दोन्ही एकमेकांचे अगदी पक्के जोडीदार आहेत कारण क्षण तोच आहे. ‘फिंगर्स क्रॉस्ड’ला आपल्याकडे ‘देव पाण्यात घालून बसलोय’. ‘वन्स इन अ ब्लू मून’ला ‘सठीसामासी’. ‘लाँग टाइम नो सी’ला साधं ‘अरे किती दिवसांनी!’ चालतं, पण बोलणारी मावशी-आत्याच्या वयाची असेल तर ‘उंबराचं फूल झालायस की रे तू’ याची चव वेगळीच. भांडण मिटवून टाकायचं असेल तर इंग्रज कुऱ्हाड पुरतो, आपण ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हणतो. रात्रभर जागून काम केलं तर तो मध्यरात्रीचं तेल जाळतो, आपण रात्रीचा दिवस करतो. हे सगळं तुम्हाला आधीपासून येतं हो, फक्त इंग्लिश वाक्य डोळ्यासमोर असलं की आठवत नाही, म्हणून मी सांगते की प्रसंग लिहून झाला की ते इंग्लिश वाक्य झाकून ठेवा आणि मग आठवा.

सगळ्यात जास्त सांभाळायचं ते शरीराच्या अवयवांना, कारण तिथे शब्द जुळतात आणि अर्थ फसवतो. ‘यू आर पुलिंग माय लेग’ म्हणजे तू माझी फिरकी घेतोयस, मस्करी करतोयस. त्याचं कोणी ‘माझे पाय ओढतोयस’ केलं तर मराठीत त्याचा अर्थ होतो की मी वर चाललोय आणि तू मला खाली खेचतोयस. दोन मित्रांची मजा चाललेली असते आणि वाचणाऱ्याला वाटतं यांच्यात काहीतरी बिनसलंय! ‘कोल्ड फीट’ला पाय गार पडले म्हणू नका, ‘ऐन वेळी कच खाल्ली’ म्हणा. ‘हिट द नेल ऑन द हेड’ला काही जण ‘वर्मावर बोट ठेवलं’ लिहितात, तेही तपासून घ्या, कारण वर्म म्हणजे दुखरी जागा, तिथे बोट ठेवलं की समोरच्याला लागतं. कौतुक करायचं असेल तर ‘अगदी नेमकं बोललात’ पुरतं. आणि ‘बटरफ्लाइज इन द स्टमक’, हे फार वेळा येतं. पोटात गोळा येतो तो भीतीने. पहिल्यांदा भेटायला चाललेल्या मुलीच्या पोटात गोळा नाही येत, तिला हुरहुर वाटते, छातीत धडधडतं. परीक्षेच्या निकालाला धाकधूक. एकाच इंग्लिश वाक्याला तीन मराठी, आणि कुठलं घ्यायचं ते सीन बघितल्याशिवाय ठरत नाही, म्हणून नुसती एक्सेलची शीट पाठवून काम मागणाऱ्यांकडून व्हिडिओ मागून घ्या, निदान मागचीपुढची दहा वाक्यं तरी.

आता छोट्या छोट्या बोलण्याकडे येऊ, इथे माझा खरा जीव आहे. म्हणी सगळे शोधतात, पण भाषा परकी वाटते ती ‘प्लीज’, ‘थँक्यू’, ‘वेलकम’, ‘एक्स्क्यूज मी’ यांच्यामुळे. ‘यू आर वेलकम’चं ‘तुमचं स्वागत आहे’ अजूनही दिसतं. कोणी आभार मानले तर आपण ‘अहो त्यात काय एवढं’ किंवा ‘असू दे हो’ म्हणतो. ‘प्लीज’ला दर वेळी ‘कृपया’ लावला की आई मुलाला ‘कृपया मीठ दे’ म्हणायला लागते! मराठीत विनंती ‘जरा’, ‘ना’, ‘का’, ‘हं’ यांच्यात लपलेली असते. ‘जरा मीठ दे ना’, झालं प्लीज. ‘खिडकी लावता का?’ यात पूर्ण सभ्यपणा आहे, कारण ‘लावता’ म्हटलं, ‘लावतोस’ नाही. ‘एक्स्क्यूज मी’ तर जागेप्रमाणे बदलतं. लोकलच्या गर्दीत दाराकडे सरकताना ते ‘दादर उतरणार का?’ होतं, हॉटेलात वेटरला ‘अहो, जरा इकडे’, ऑफिसात केबिनच्या दारात ‘येऊ का सर?’. आणि ‘आय हॅव टु गो नाऊ’. घरातून निघताना ‘जातो’ म्हटलेलं आपल्याकडे अजून कितीतरी घरांत चालत नाही, ‘येतो’ म्हणायचं. एवढा एक शब्द बदलला की पात्र मराठी वाटायला लागतं.

याच्या जोडीला तू-तुम्ही आधी ठरवा. इंग्लिशमध्ये ‘यू’ एकच असल्यामुळे वाक्य काही सांगत नाही. सासू-सून, बॉस-शिपाई, नवरा-बायको, कोण कोणाला अरे म्हणतं आणि कोण अहो, याची एक यादी काम सुरू करतानाच करून ठेवा, नाहीतर तिसऱ्या एपिसोडला सून सासूला एकेरीत बोलते आणि प्रेक्षकाला वाटतं आता भांडण होणार.

इंग्लिशमध्ये आटोपशीर असलेलं मराठीतही तेवढंच आटोपशीर हवं असा हट्ट नको. लंडनच्या भुयारी रेल्वेत १९६८ पासून ‘माइंड द गॅप’ ऐकवतात, तीन शब्द. आपल्या लोकलमध्ये हीच सूचना गाडी आणि फलाट यांच्यातलं अंतर, त्याकडे लक्ष द्या, असं पूर्ण वाक्य म्हणून येते, आणि तेच बरोबर आहे. नुसतं ‘अंतर सांभाळा’ म्हटलं असतं तर लोकांना वाटलं असतं समोरच्यापासून लांब उभं राहा. सबटायटलला मात्र जागा दोन ओळींची आणि वेळ दोन-चार सेकंदांचा, तिथे लांब म्हण सुंदर असली तरी सोडून द्या. ‘बिटवीन द डेव्हिल अँड द डीप सी’ला ‘इकडे आड तिकडे विहीर’ छान बसतं, पण पात्र धावत धावत बोलत असेल तर ‘फसलो रे’ लिहा.

मग शब्दशः कधीच करायचं नाही का? तसंही नाही. ‘हिमनगाचं टोक’ बघा, महाराष्ट्रात हिमनग कोणी बघितला नाही पण पेपरात रोज येतं आणि सगळ्यांना कळतं. ‘लाल फीत’ तर मंत्रालयात एखाद्या फाइलसाठी चकरा मारलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. ‘हिरवा कंदील’ मला विशेष आवडतो. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली, मग रेल्वेबरोबर सिग्नल आले, कंदील आले, आणि आज एखाद्या प्रकल्पाला परवानगी मिळाली की बातमीत ‘हिरवा कंदील’ दाखवला जातो. इंग्लिशमध्ये नुसता दिवा किंवा सिग्नल आहे, कंदील आपण आपला धरला. तर कसोटी सोपी आहे, इंग्लिश अजिबात न येणाऱ्या माणसाला वाक्य न थांबता कळलं तर राहू द्या. ‘दिवसाच्या शेवटी महत्त्वाचं काय’ हे कळत नाही, त्याला संध्याकाळचे सात वाटतात, म्हणून ‘अ‍ॅट द एंड ऑफ द डे’ला ‘शेवटी’ एवढंच.

पावसाबद्दल थोडं बोलते कारण मुंबईत बसून पावसाचं भाषांतर वाईट केलं तर माफी नाही. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ला सगळे मुसळधार लिहितात, चुकीचं नाही, पण आपल्याकडे पाऊस धो धो कोसळतो, झोडपतो, रिपरिपतो, त्याची संततधार लागते, सरीवर सरी येतात, भुरभुरतो. इंग्लिश सीनमध्ये माणूस छत्री घेऊन हसत चालला असेल तर मुसळधार जड पडेल, तिथे ‘काय धो धो पडतोय!’ म्हणा. आणि उलटं, ‘ढगफुटी’सारखा शब्द उगाच वापरू नका, २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला ते ज्यांनी बघितलंय त्यांच्या कानाला त्या शब्दाचं वजन माहिती आहे.

मुंबईचा आणखी एक त्रास म्हणजे बरंचसं इंग्लिश आपल्याकडे हिंदीतून येतं. जाहिरात आधी हिंदीत लिहिली जाते, मग तिचं मराठी. त्यातून ‘चार चाँद लावले’, ‘मला माहीत पडलं’, ‘माझी मदत कर’ असलं मराठी तयार होतं. मराठीत ‘मला कळलं’ आणि ‘मला मदत कर’. क्लायंटकडून मूळ इंग्लिश मागून घ्या, हिंदीवरून करू नका. बोलीतलं ‘वाट लागली’, ‘झोल आहे’, ‘कल्टी मार’ हे मात्र बिनधास्त वापरा, परळ-लालबागचं पोरगं बोलत असेल तर तेच खरं आहे, फक्त बँकेच्या मेसेजमध्ये नको.

वजन जुळणं हे चित्र जुळण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं. ‘किक द बकेट’ म्हणजे ‘गचकला’, ‘खपला’, आणि ‘पास्ड अवे’ म्हणजे ‘वारले’, ‘गेले’, ‘देवाज्ञा झाली’. मृत्यू तोच, पण एकाच्या जागी दुसरं गेलं की घरच्यांचा अपमान होतो. आणि जुन्या मराठी म्हणींमध्ये जातींवर आणि बायकांवर टोचून बोलणाऱ्या बऱ्याच आहेत. मूळ इंग्लिशमध्ये तसा टोमणा नसताना आपण तो घालणं हा बोलणाऱ्या पात्रावर आणि वाचणाऱ्यावर दोघांवर अन्याय आहे, त्यामुळे म्हण कितीही चपखल वाटली तरी अशी म्हण मी घेत नाही, साधं वाक्य लिहिते.

कधी दिग्दर्शक चित्राशी खेळतो. पात्र म्हणतं ‘डोन्ट स्पिल द बीन्स’ आणि तेवढ्यात टेबलावरचा बीन्सचा डबा खरंच सांडतो. आता ‘बिंग फोडू नकोस’ लिहिलं तर विनोद गेला. इथे पडद्यावर काय दिसतंय त्यातून मागे या. सांडतंय ना, मग ‘कोणासमोर काही सांडू नकोस’ असं काहीतरी, म्हण म्हणून थोडं कमी पण हशा टिकतो. डबा फुटत असेल तर ‘भांडं फोडू नकोस’ आयतंच मिळालं.

शोधायला कुठे जायचं तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्लिश कोश, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ची, मुंबईतच छापलेली, आणि शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट बघता येते. त्यात इंग्लिशवरून न शोधता मराठी शब्दावरून शोधा. हात, पोट, डोळा, पाणी असा एकेक शब्द घेऊन त्याच्याखालचे वाक्प्रचार वाचत बसा, विसरलेलं कितीतरी हाती लागतं. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश लायब्ररीत मिळाला तर तोही. पण कोशातलं जसंच्या तसं उचलू नका, त्यातले बरेच प्रयोग आज कोणी बोलत नाही, आणि विशीतल्या पात्राच्या तोंडी ते आजोबांचे वाटतात.

सगळं झालं की मोठ्याने वाचा, आणि जमलं तर घरातल्या कोणाला तरी इंग्लिश न दाखवता वाचून दाखवा. ‘म्हणजे?’ असं विचारलं की ती ओळ परत लिहायची, समजावून सांगत बसायचं नाही, कारण स्क्रीनवर समजावायला तुम्ही नसणार. आणि दोन पर्यायांमध्ये अडकलात तर दोन्ही लिहून ठेवा, झोपा, सकाळी जो आधी तोंडात येईल तो पाठवा.